राधा गमरे सांगते, पाणी उकळून प्या

राधा गमरे बोलायला लागली की परळच्या मुकादम चाळीतली माणसं हातातलं काम थांबवून कान द्यायची. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. प्रत्येक अक्षर सुटं, घाई नाही, ओरडणं नाही. दहावी झाल्यावर वरळीच्या एका कापड कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. साहेब बदलले, यंत्रं बदलली, आवाज तोच राहिला. दर सहा डिसेंबरला दादरला लाखो माणसं येत, तेव्हा चुकामूक झालेल्यांसाठी जो मांडव घातला जाई तिथं माईकवर राधाच असायची. "जिंतूरहून आलेल्या गयाबाई, तुमचे मालक आमच्याजवळ बसलेत. ते घाबरलेत, तुम्ही घाबरू नका. सावकाश या." असं ती म्हणाली की आजूबाजूची अनोळखी माणसंसुद्धा गयाबाईला शोधायला लागत.

ती निवृत्त होऊन घरी बसली, तेव्हा पालिकेची मुदत संपून गेली होती आणि निवडणूक काही होत नव्हती. वॉर्डातला नगरसेवक माजी झाला. नाक्यावर त्याच्या कचेरीबाहेर एक फळा होता. पाणी कधी जाणार, डासांची फवारणी कधी, पोलिओचा डोस कुठे, सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. कचेरीला कुलूप लागलं आणि फळ्यावरची शेवटची सूचना पुसट होत होत दिसेनाशी झाली. सूचना निघायच्या थांबल्या नव्हत्या. त्या मोबाइलवर यायच्या, पेपरात आतल्या पानावर यायच्या. पण 'जलवाहिनीच्या छेदजोडणीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर परिसरातील पाणीपुरवठा कमी दाबाने करण्यात येईल' हे वाचून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं नेमकं काय करायचं?

शेजारच्या खोलीतल्या अपेक्षाच्या बाळाचं नामकरण होतं त्या दिवशी नळ कोरडा पडला. महाडहून पाहुणे आलेले, खरकट्या ताटांचा ढीग पडलेला आणि पिंपात तळाला वाटीभर पाणी. नंतर कळलं, सूचना आदल्या दिवशीच चाळीच्या ग्रुपवर आली होती, पण सुप्रभातच्या फुलांखाली गाडली गेली होती. अपेक्षा रडवेली झाली. राधानं आपल्या घरची कळशी तिच्या दारात नेऊन ठेवली, पण एका कळशीनं काय होणार?

संध्याकाळी तिचा नवरा राजाराम खिडकीशी पेपर वाचत बसला होता. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, पेपर निविदांपर्यंत वाचायचा. तो म्हणाला, "राधे, सगळ्या महाराष्ट्राची हरवलेली माणसं तू माईकवरून शोधून दिलीस. चाळीला पाणी कधी जाणार, एवढं सांगायला तुझं काय जातं?"

"माईक कुठाय इथं?"

राजारामनं तिच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर राधाचा आवाज आला. "जय भीम, नमस्कार. राधा गमरे बोलतेय. परवा दुपारनंतर नळाची धार बारीक होणार आहे. पिंपं उद्याच भरून ठेवा. ज्यांच्याकडे पाहुणे येणारेत त्यांनी एक हंडा जास्त भरा. बाकी सगळं ठीक."

तिथून रोजचा नेम लागला. झाडांच्या फांद्या छाटणार आहेत, खाली मोटारसायकल लावू नका. ज्येष्ठांची डोळे-तपासणी आहे, जुना चष्मा बरोबर न्या. मतदारयादीत नाव बघून घ्या, गेलेल्या माणसाचं कमी करा आणि आलेल्या सुनेचं घाला. बोलणं सगळं चहा गार व्हायच्या आत संपलेलं. बाजूच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आम्हालाही पाठव. खोल्या विकून विरार-बदलापूरला गेलेली माणसं म्हणाली, आम्हालाही. एकीनं तर सांगितलं, "काकी, तुझ्या नळाशी आता आमचा काय संबंध? पण सकाळी तुझा आवाज ऐकला की गॅलरीत उभी असल्यासारखं वाटतं."

मागच्या बाजूच्या शेवटच्या खोलीत रामजी येलवे राहायचा. ऐंशी ओलांडलेला, गिरणीतला जुना माणूस, एकटा. त्याच्याकडे साधा फोन होता, त्यात आवाज-बिवाज काही यायचं नाही. मग तो सकाळी राधाच्या दारातच येऊन उभा राहायचा आणि ती बोलत असताना ताजं ताजं ऐकायचा. कधीकधी त्याचा खोकलाही त्यात भरला जायचा. विरारहून विचारणा व्हायची, "रामजीबाबाला बरं नाही काय?"

असं वर्षभर सुरळीत चाललं.

एका रविवारी सकाळी स्वप्नील धावत आला. चाळीच्या मंडळाचा तो चिटणीस, ग्रुप त्यानंच काढलेला. कुरिअर कंपनीत नोकरी, जिभेला आराम नाही, पण मनानं सरळ. त्यानं मोबाइल पुढे धरला. "काकी, हे बघ. अर्जंट आहे. लगेच टाक."

पत्राचा फोटो होता. वर पालिकेचं बोधचिन्ह, खाली शिक्का, सही. मुकादम चाळीचा मागील भाग अतिधोकादायक असून रहिवाशांनी तो तातडीने रिकामा करावा, अन्यथा पाणी व वीज तोडण्यात येईल.

राधाचा हात थांबला. पालिकेच्या कचेरीत जाऊन एकदा विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण रविवार, कचेरी बंद. "तुला कुणी पाठवलं?" तिनं विचारलं.

"फिरत फिरत आलंय. तीन ग्रुपवर आहे. काकी, मागची बाजू रात्रीत बसली तर? कोण जबाबदार?"

त्या प्रश्नानं ती हलली. माणसांचा जीव म्हटल्यावर उद्यापर्यंत थांबायचं कसं? तिनं पत्र वाचून दाखवलं, सोप्या शब्दांत, नेहमीच्या शांत आवाजात. तो आवाज शांत होता म्हणूनच लोकांना ते जास्त खरं वाटलं.

तासाभरात गॅलऱ्या गाद्यांनी आणि बोचक्यांनी भरल्या. कुणी शिलाई मशीन बहिणीकडे पाठवलं, कुणी टेम्पो बोलावला, कुणी नुसतंच जिन्यात बसून रडलं. राधा दारोदार फिरून धीर देत होती. संध्याकाळी ती शेवटच्या खोलीशी पोचली तर दाराला कुलूप. रामजीनं आपली ट्रंक भरली होती, भिंतीवरची बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर चादरीत गुंडाळली होती आणि कुणाला न सांगता टॅक्सी करून तो शीवला पुतण्याकडे निघून गेला होता.

सोमवारी विभाग कार्यालय उघडायच्या आधीच राधा पायरीवर हजर होती. इमारत खात्यात साहेब जागेवर नव्हते. पाणी खात्यातल्या एका इंजिनिअरनं तिला बसवलं. देवदत्त कोठारे त्याचं नाव. फणसवाडीत वाढलेला, बोलणं हळू आणि शुद्ध. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, वर जाऊन विचारून आला आणि समोर बसला.

"बाई, हे पत्र इथून गेलेलं नाही. ज्यांची सही दाखवलीय ते साहेब केव्हाच बदलून गेले. तुमच्या चाळीबद्दल असा काही आदेशच नाही."

"मग हे कुणी केलं?"

"ते मलाही सांगता येणार नाही. कुणाचा तरी खोडसाळपणा, नाहीतर कुणाला तरी तुम्ही घाबरून जागा सोडायला हवी असेल. तक्रार द्या, मी सोबत येतो." मग तो म्हणाला, "एक सांगू? राग मानू नका. आमच्या नोटिसा लोक वाचत नाहीत, पण तुमचं ऐकतात. म्हणून तुम्ही एक दिवस थांबायला हवं होतं."

ते खरंच होतं. त्याला सोबत घेऊन राधानं तक्रार दिली.

चाळीत तिनं स्वतः खरं काय ते सांगितलं. पत्र खोटं आहे, मी न विचारता वाचलं, चूक माझी. पत्र कुणी आणलं ते तिनं सांगितलं नाही. लोक मात्र भडकले होते. टेम्पोवाला भांडून गेला होता, एकीची कपबशांची पेटी उतरवताना फुटली होती. "बातम्या सांगायची हौस भारी!" असं कुणीतरी मागून म्हणालं. स्वप्नील मान खाली घालून उभा होता. त्या संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं की यापुढे इथं फक्त ॲडमिन बोलेल. राधाचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ती आणि राजाराम शीवला गेले. पुतण्याची खोली एकच, तिच्यात पाच माणसं. पुतण्याची बायको ओशाळून म्हणाली, "बाबा सकाळपासनं बाहेर बसलेत. आत या म्हटलं तर येत नाहीत." शीवच्या किल्ल्याखालच्या बागेत रामजी बाकावर बसला होता. ट्रंक पायाशी, चादरीत गुंडाळलेली तसबीर मांडीवर.

"बाबा, चला घरी," राधा म्हणाली. "पत्र खोटं होतं."

"चाळ पडत नाय?"

"नाही."

"मग मी हितं कशाला आलो?"

"माझ्यामुळे."

रामजीनं मांडीवरची तसबीर सावरली. "बाय, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, तर मी हललो नसतो. चाळीसंगं गेलो असतो. तू बोललीस म्हणून ट्रंक भरली." त्यात राग नव्हता. होतं ते त्यानं सांगितलं, एवढंच. राधाला वाटलं, ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राजारामनं ट्रंक उचलली, राधानं तसबीर घेतली, आणि तिघं टॅक्सीनं परळला आले.

त्यानंतर रामजी सकाळी राधाच्या दारात यायचा बंद झाला. येऊन ऐकणार तरी काय?

राजाराम मुद्दाम मोठ्यानं पेपर वाचायचा. "अरे वा, कुत्र्यांना लस देणारेत. कुणाला सांगावं बरं?" राधा भांडी आदळायची. पण तिला चैन पडेना. भाजीला बाहेर पडली की ती वाट वाकडी करून विभाग कार्यालयाकडे जायची आणि बाहेरच्या फलकावरचे कागद उभ्याउभ्या वाचायची. कुणाला सांगायचं नव्हतं तरी वाचायची. कोठारेला त्याची सवय झाली. जाता-येता तो म्हणायचा, "आज काही विशेष नाही, बाई."

"काही नाही हेसुद्धा कळलेलं बरं, साहेब."

दिवाळी गेली. चाळीपुढचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला होता; धूळ, खडखडाट आणि चालायला फळी. एका सकाळी राधाचा फोन वाजला. कोठारे होता.

"बाई, तुमच्या गल्लीतल्या पाण्याचा नमुना नापास झालाय. जुनी जलवाहिनी आणि गटाराची वाहिनी तिथं शेजारून जातात. खोदताना कुठंतरी धक्का लागलाय असं वाटतं. नेमकी जागा शोधायला वेळ लागेल. तोवर सगळ्यांनी पाणी चांगलं उकळूनच प्यायला हवं. नोटीस चिकटवायला माणूस निघालाय, पण चिकटवलेली नोटीस कोण वाचतं?"

"साहेब, आता माझंही कोण ऐकतंय?"

"तो विचार माझ्याही मनात आला," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाचं नाव सुचेना."

राधानं चप्पल घातली आणि आधी विभाग कार्यालय गाठलं. फलकावर नोटीस होती. तिनं ती दोनदा वाचली, सही बघितली, कोठारेला समोर उभं करून पुन्हा विचारलं. मगच ती चाळीत परतली आणि स्वप्नीलच्या दारात उभी राहिली.

"ग्रुप उघड. मला बोलायचंय."

स्वप्नील जेवत होता. नोटीस त्यानंही गेटवर पाहिली होती. "काकी, परत नको ना. मागच्या वेळेची इज्जत अजून धुऊन निघाली नाय. आणि पाणी बघ." त्यानं ताटाजवळचा पेला उजेडात धरला. "एकदम क्लिअर. वास नाय, रंग नाय. बाटलीतल्या पाण्यासारखं."

"डोळ्यांना दिसलं असतं तर तपासणी कशाला लागली असती?"

"लोक मला फाडून खातील."

राधा मागे वळली आणि दारोदार निघाली. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागच्यासारखीच नोटीस आहे का?" पुढच्या दारात हसू आलं. तिसऱ्या दारात, "एवढं पाणी उकळायला सिलिंडर काय नळातून येतो?" एकानं दार अर्धवट उघडून सांगितलं, "काकी, तू आराम कर." अपेक्षानं मात्र तिच्यासमोरच गॅस पेटवला. तिला लहान बाळ होतं. आणखी दोन-तीन घरांनी मान हलवली. बाकी चाळीत नळ सुरू होते, पेले भरत होते, शाळेतून आलेली पोरं दप्तर टाकून थेट माठाकडे धावत होती.

राधा घरी येऊन ओट्याशी उभी राहिली. राजारामनं विचारलं, "सांगून झालं?"

"झालं."

"मग?"

ती गॅसवरच्या पातेल्याकडे बघत होती. पाणी खळखळत होतं. "सांगितलेलं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "पण उकळलेलं पाणी दारात मिळालं तर घेतील की नाही?"

"एवढ्या खोल्यांचं? ह्या पातेल्यात?"

"ह्या पातेल्यात कशाला?"

बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत भोजनदानाचे मोठाले टोप होते. चौदा एप्रिलला त्यांत अख्ख्या गल्लीचा भात शिजायचा. किल्ली स्वप्नीलकडे. राधा पुन्हा त्याच्या दारात गेली. "ग्रुप राहू दे. किल्ली दे."

"कशाला?"

"टोप पाहिजेत."

ग्रुपसाठी नाही म्हणता आलं होतं, टोपासाठी काय म्हणणार? त्यानं किल्ली दिली. गल्लीच्या तोंडाशी वैभवचं केटरिंगचं दुकान होतं, लग्नाकार्यांच्या ऑर्डरी करायचा. राधानं त्याच्याकडे मोठी शेगडी मागितली. तो म्हणाला, "काकी, नोटीस मी वाचली. अन्नाचा धंदा आहे माझा, पाण्याशी खेळत नाय. शेगडी न्या, सिलिंडरपण न्या. लागला तर दुसरा पाठवतो."

दुपारी चाळीच्या चौकात शेगडी पेटली. टोप धरायला राजाराम आणि अपेक्षाचा नवरा होते. राधा पदर खोचून उभी. वरून लोक गॅलरीतून बघत होते. काही हसत होते, काही नुसतेच बघत होते. मागच्या जिन्यावरून काठी टेकत रामजी खाली उतरला. शीवहून आल्यापासून तो राधाशी कामापुरतंच बोलत होता. त्यानं टोपात डोकावून पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि शेगडीजवळ बसला.

"आच कमी हाय," तो म्हणाला.

राधानं आच वाढवली. थोड्या वेळानं ती झाकण काढायला गेली तर त्यानं काठी आडवी धरली. "थांब. बुडबुडं आलं म्हंजे उकळी न्हवं. मी बॉयलरजवळ जवानी घालवली. मी सांगीन तवा उतरव."

"सांगा, बाबा."

पाणी धडधडायला लागलं, वाफ पहिल्या मजल्यापर्यंत गेली, तरी म्हातारा गप्प. शेवटी त्यानं मान हलवली. टोप उतरवला, झाकला, निवू दिला, आणि धुतलेल्या पंच्यातून गाळून पाणी तोटीच्या स्वच्छ पिंपात भरलं. पहिला तांब्या रामजीनं भरून घेतला. मग वर बघून, मिलच्या भोंग्याला शोभेल अशा आवाजात ओरडला, "पानी तयार हाय! फुकट हाय! या!"

पहिल्यांदा पोरं आली, कारण पोरांना चौकात काहीही चाललेलं चालतं. मग पोरांच्या आया. मग स्वप्नीलची आई कळशी घेऊन आली आणि कुणी न विचारताच म्हणाली, "विश्वास-बिश्वास ठेवलाय असं नाय हं राधा. घरातला गॅस वाचतो म्हणून न्यायचं." राधानं हसून तिची कळशी भरली. कुठल्या का कारणानं होईना, घरात उकळलेलं पाणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन टोप चढले, नंतर तीन. बायकांनी पाळ्या वाटून घेतल्या. स्वप्नील कामावरून आला की शर्ट न बदलता टोप उचलायला लागायचा. एकदा टोप खाली ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, "काकी, ते खोटं पत्र मी आणलेलं, हे तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून कुणाचं भलं झालं असतं? वाचलं मी होतं. धर, तुझ्या बाजूनं कलतंय."

आठवडा उलटायच्या आत पलीकडच्या गल्लीतून बातम्या येऊ लागल्या. उलट्या, जुलाब, दोघांना सलाइन. आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरू लागली. कोठारेही सोबत आला, गोळ्यांच्या पिशव्या घेऊन. पाणी त्याच वाहिनीचं, गल्ल्या शेजारच्या, तरी मुकादम चाळीत आजारी निघाला तो एकच माणूस, तळमजल्यावरचा एक गृहस्थ, जो रोज सकाळी व्यायाम करून थेट नळाला तोंड लावायचा. तोही चार दिवसांत उठून बसला. कोठारे चौकात येऊन थांबला. तीन शेगड्या पेटलेल्या, बाया गप्पा मारत झाकणं धूत असलेल्या, आणि मध्ये खुर्चीवर रामजी, काठी उभी धरून.

"हे कुणी सुरू केलं?" त्यानं विचारलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

"पानी माझ्या हुकमानं उतरतं," रामजी म्हणाला. "बाकी सगळं तिला विचारा."

त्या संध्याकाळी ग्रुप उघडला. स्वप्नीलनं लिहिलं नाही काही, फक्त मोबाइल राधाच्या हातात दिला. चौकात, शेगडीच्या आवाजातच ती बोलली. "जय भीम, नमस्कार. राधा गमरे बोलतेय. पलीकडच्या गल्लीत सात-आठ घरी त्रास झालाय. ज्यांचे नातेवाईक तिथं असतील त्यांनी आमच्याकडून पाणी न्यावं, भांडं घेऊन यावं. हे मी स्वतः आरोग्य खात्याच्या माणसांकडून ऐकलंय, ऐकीव नाही." तिचा आवाज जरा कापला, पण तिनं पुन्हा रेकॉर्ड केलं नाही. विरारहून लगेच विचारणा आली, "चौकात काय चाललंय? जयंती आहे काय?"

पुढे गळतीची जागा सापडली, वैभवच्या दुकानाच्या अगदी समोर. खड्डा खणला, जुना नळ काढून नवा टाकला, पुन्हा नमुने घेतले. ते पास झाल्याचं फलकावर लागलं, तेव्हाच राधानं सांगितलं की आता साधं पाणी प्यायला हरकत नाही. तरीही काही घरांत महिनाभर पाणी उकळत राहिलं.

तेव्हापासून ती बातमी सांगण्याआधी ती कुठून आली ते सांगते. "हे मी फलकावर वाचलं." "हे साहेबांनी सांगितलं." आणि कधी, "हे फिरत आलंय. खरं की खोटं मला ठाऊक नाही. उद्या विचारून सांगते, तोवर कुणी काही करू नका." उद्या म्हणजे उद्याच. लोक थांबतात. थांबायला शिकलेत. रामजी परत दारात येऊन उभा राहतो, आणि हल्ली ती बोलत असताना खोकला आला तर तोंडावर हात धरतो.

मध्यंतरी निवडणूक एकदाची झाली. नवा नगरसेवक आला, नाक्यावरचं कुलूप उघडलं. त्याची माणसं राधाकडे आली, म्हणाली, काकी, साहेबांच्या कामाचंही दोन शब्द रोज बोलत जा. तिनं सांगितलं, "काम झालं की कळवा. झालेलं काम नक्की सांगेन." चहा पिऊन ती माणसं गेली.

मग फलकावर एक वेगळीच सूचना लागली. चाळीमागचा मोकळा भूखंड कशासाठी वापरायचा याविषयी हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत; सुनावणी अमुक दिवशी. अशा सूचना पूर्वीही लागत असणार. सुनावणीला कुणी गेल्याचं चाळीत कुणालाच आठवत नव्हतं. राधानं ती सूचना सलग तीन सकाळी सांगितली. तिसऱ्या सकाळी म्हणाली, "तिथं गाड्या लावायची जागा होऊ शकते, नाहीतर दवाखाना. आपण काही बोललो नाही तर आपल्याला चालतं असं धरतील. मी जाणार आहे. कोण येतंय?"

तिला वाटलं चार-पाच जण येतील. सुनावणीच्या दालनात खुर्च्या पुरल्या नाहीत. शिपायानं दोनदा बाकं आणली. अधिकाऱ्यानं चष्मा काढून विचारलं, "हे सगळे एकाच चाळीतले?"

आधी स्वप्नील उभा राहिला. एरवी न थांबणारा गडी, पण तिथं त्याची वाचा बसली आणि "सर, म्हणजे, आमचं म्हणणं असं की" यापुढे गाडी जाईना. सगळ्यांनी राधाकडे पाहिलं. राधानं अपेक्षाला कोपरानं ढोसलं. अपेक्षा बाळाला कडेवर घेऊनच उठली. "साहेब, पाणी खराब झालं तेव्हा आमच्या नशिबानं काही झालं नाही. झालं असतं तर ह्याला घेऊन कुठं धावले असते मी? मोठं हॉस्पिटल जवळ आहे, पण तिथं दिवसभर रांग. आम्हाला छोटा दवाखाना पाहिजे. गाड्या कुठंही लागतील." बाळानं त्याच वेळी अधिकाऱ्याच्या टेबलावरचं पेन ओढलं. दालन हसलं. अधिकाऱ्यानं दुसरं पेन घेतलं आणि लिहून घेतलं.

मग एकेक जण उठला. कुणी दवाखान्याबरोबर पोरांना खेळायला कोपरा मागितला, कुणी म्हाताऱ्यांना बसायला बाकं. राधाला बोलायची पाळीच आली नाही, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. ती भिंतीशी उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं ती ज्यांना सांगत आली ती माणसं आज बोलत होती.

परत येताना मंडळी लालबागला वडापाव खायला थांबली. सुनावणी वरच्या मजल्यावर होती आणि रामजीला तेवढे जिने झेपणार नव्हते म्हणून तो चाळीतच राहिला होता. त्याच्यासाठी राजारामनं एक कागदात बांधून घेतला. संध्याकाळी राधा तो द्यायला गेली, तर म्हातारा उंबऱ्यावर वाट बघत बसलेला.

"काय ठरलं?"

"ठरलं नाही अजून. सगळं लिहून घेतलंय. पुढच्या महिन्यात परत सुनावणी आहे, तेव्हा नकाशा दाखवतील."

"कितव्या मजल्यावर?"

"ती खालच्या सभागृहात आहे, बाबा. जिने नाहीत."

रामजीनं वडापाव बाजूला ठेवला, आत जाऊन खाटेखालून आपली चप्पल काढली आणि तिचा तुटलेला अंगठा राधापुढे धरला. "मग जाताना ही तेवढी चांभाराकडे टाक. पुढच्या खेपेला मी येतोय."